कीबोर्डची डावी बाजू

माणसं माझ्या दुकानात येतात तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये एक फाईल असते आणि चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो. काल-परवापर्यंत मराठी दिसणारं आज इंग्रजी अक्षरांचा पसारा कसं काय झालं? साखरा गावचे एक पाटील तर माझ्यावरच रागावले होते. "ताई, माझ्या पोराच्या कॉम्प्युटरवर बराबर दिसत हुतं. तुमच्याकडं आल्यावर काहून बिघडलं?" मी त्यांना सांगितलं, पाटील, या फाईलीत मराठी कधी नव्हतंच. आतमध्ये इंग्रजी अक्षरंच आहेत, जुन्या फॉन्टनं त्यांच्या अंगावर मराठी कपडे चढवले होते. तो फॉन्ट माझ्या मशीनवर नाही, म्हणून ती उघडी पडली. त्यांना ते पटलं नाही. "टाका मंग कपडे," म्हणाले.

कळमनुरीत नांदेडच्या रस्त्याला आमचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. काम म्हणजे जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमध्ये, कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आणायचं, सरकारी पोर्टलला चालेल असं करायचं, पुन्हा पुन्हा वाचून तपासायचं, की जोडाक्षरं फुटली का, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली का. या कामाला कंटाळा हा शब्द पुरत नाही. डोळे जातात, मान जाते, आणि केलेलं कुणाला दिसतही नाही, कारण नीट झालं तर ते फक्त मराठी दिसतं. त्यात विंडोज स्वतःला अपडेट करून घेतं आणि माझी सगळी सेटिंगं मोडून ठेवतं. असं झालं की मी त्या मशीनला मोठ्यानं शिव्या देते. गिऱ्हाईक समोर असलं तरी देते.

या दुकानाच्या जागी आधी टायपिंगचा क्लास होता. तो आमच्या ह्यांचा. गावोगावची, तांड्यांवरची पोरंपोरी एसटीनं यायची, कारकुनाच्या परीक्षेसाठी मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट लागायचं. मशीनच्या दोन रांगा आणि नुसती खटखट. हे पोरांच्या हातांवर फडकं टाकायचे. खाली बघायचं नाही. प्रत्येक बोटाला त्याचं घर दिलेलं आहे, दुसऱ्याच्या घरात बोट गेलं की हे लाकडी पट्टी टेबलावर आपटायचे. लग्नानंतर मीही त्याच फडक्याखाली टायपिंग शिकले. मला वाटलं होतं बायको म्हणून थोडी सूट मिळेल. पट्टी माझ्यासाठी जास्तच जोरात वाजायची.

मग मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले. पहिल्यांदा फार फरक पडला नाही, कारण जुन्या फॉन्टमध्ये कळांची जागा टाइपरायटरसारखीच होती. युनिकोड आलं आणि त्याबरोबर दुसराच कीबोर्ड आला, इन्स्क्रिप्ट: कळा त्याच, पण कुठल्या कळेला कुठलं अक्षर हे कॉम्प्युटरच्या आत बदललेलं. त्यात मात्रा, काना, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला आणि अक्षरं जवळपास सगळी उजव्या हाताला. ह्यांनी तो एकदा बघितला आणि म्हणाले, "माझी बोटं आता नवीन घरं हुडकणार न्हाईत." शिकावं लागलं मलाच. पोटासाठी शिकले, हौस नव्हती. टाइपरायटरचा कीबोर्ड मी मशीनमधून काढूनच टाकला, कारण चुकून दोन कळा एकदम दाबल्या गेल्या की तो मधेच चालू व्हायचा आणि अर्धं पान वाया जायचं. हे गल्ल्यावर बसायला लागले, गिऱ्हाइकांशी बोलायला लागले. बोलणं त्यांना आवडायचं.

आणि नेमकं बोलणंच गेलं. सकाळी चूळ भरताना हे पडले. नांदेडला नेलं, वाचले, पण उजवी बाजू लुळी झाली आणि तोंडातून निघायचा तो फक्त घोगरा आवाज. ऐकायला येतं, समजत असावं, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'असावं'वर मी घरी आले. पाटीवर डाव्या हातानं लिहून बघा म्हटलं, तर नुसत्या रेघोट्या. त्यांनाही त्या वाचता येईनात, त्यांनी पाटी ढकलून दिली. काही विचारलं की कधी मान हलायची, कधी हलायची नाही. हो म्हणतात की मान नुसतीच हलते, हे मला ओळखता येईना.

व्यायाम द्यायला येणारी मुलगी म्हणाली, डावा हात चालता ठेवा, काहीतरी काम द्या. मी त्यांना खुर्चीसकट माझ्या टेबलाशी आणलं. डावा हात कीबोर्डवर ठेवला तर बोटं आपोआप आपापल्या घरात जाऊन बसली. मग बोटं कळा दाबू लागली आणि स्क्रीनवर नुसत्या मात्रा उमटल्या. वेलांट्या, उकार, पुन्हा मात्रा. अक्षर एक नाही. आधार द्यायला अक्षर नसलं की कॉम्प्युटर तिथे ठिपक्यांचा गोल काढतो, तसे गोलच गोल. हे त्या गोलांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं, आणि हात मांडीवर घेतला.

त्या वेळी माझे दीर तिथे होते. शिरड शहापूरला त्यांची शेती आहे, माणूस वाईट नाही. त्यांनी स्क्रीन बघितली आणि मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे ह्यांच्यापासून चार हातांवर. "वहिनी, काहून जीव काढून राहिल्या? दादाला आता काई कळत न्हाई. तुमी एकट्या दुकान बघता, त्याचं बघता, तुमचं काय होईल? गावाकडं नेतो मी त्याला. ओसरीत पडून राहील, पोरंसोरं हायेत, दोन घास कुणीबी भरवील."

"त्यांना कळतंय," मी म्हटलं.

"कळतंय तर लिव्हलं असतं ना कायतरी."

खरं सांगायचं तर मला ते खोडून काढायचं नव्हतं. मी इतकी थकले होते की ओसरी, पोरंसोरं, कुणीतरी भरवलेले दोन घास, हे सगळं मला सुखाचं वाटायला लागलं होतं. रात्रीतून चार वेळा उठायचं, त्यांना कूस बदलून द्यायची, सकाळी दुकान उघडायचं आणि कुणाच्या तरी फुटलेल्या जोडाक्षरांवर डोळे फोडायचे. आतमध्ये माणूस नसेल, नुसतं शरीर असेल, तर ते गावाकडे राहिलं काय आणि इथे राहिलं काय. पण आतमध्ये हे असतील, सगळं ऐकत असतील, आणि मी त्यांना सामानासारखं गाडीत घालून पाठवलं तर? एवढं एकच मला कळायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस एकच होता. मी दिरांना हो म्हटलं. बाजाराच्या दिवशी गाडी आणतो, ते म्हणाले.

बाजाराच्या आदल्या दिवशी एका संस्थेचं काम आलं. संस्थेची जुनी घटना, म्हणजे नियमावली, जुन्या फॉन्टमधली, आणि त्यांना दुरुस्त्याही त्याच फॉन्टमध्ये हव्या होत्या, कारण त्यांच्याकडचा माणूस दुसरं काही उघडू शकत नव्हता. मी वैतागून टाइपरायटरचा कीबोर्ड पुन्हा मशीनमध्ये टाकला. इतक्या वर्षांनी बोटं अडखळतील असं वाटलं होतं, पण फडक्याखाली शिकलेलं कुठे जातं? काम भराभर झालं. पुढचं काम युनिकोडचं होतं. ते सुरू केलं, आणि कीबोर्ड बदलायला विसरले.

स्क्रीनकडे न बघता दोन ओळी टाइप केल्या. वर बघितलं तर कचरा. जिथे मात्रा द्यायला गेले तिथे अक्षर उमटलं होतं, जिथे अक्षर हवं तिथे काना. मी नेहमीप्रमाणे शिवी हासडली आणि पुसायला लागले, आणि पुसता पुसता हात थांबला. बोटं बरोबर होती. चूक माझ्या बोटांची नव्हतीच, खाली कीबोर्ड दुसरा होता. ह्यांनी दाबल्या होत्या त्या कळा टाइपरायटरच्या होत्या आणि मी त्यांच्यापुढे इन्स्क्रिप्ट ठेवला होता. मला त्या क्षणी मशीनचा नाही, माझाच राग आला. गावाचे फॉन्ट दुरुस्त करणारी बाई, आणि घरात हे.

हे आतल्या खोलीत खाटेला टेकून बसले होते. "अहो, चला," मी म्हटलं. "जुना कीबोर्ड टाकलाय. टाइपरायटरचा. तुमचा." त्यांनी मान फिरवली. एकदा तोंडघशी पडले होते, पुन्हा कशाला पडतील? मी त्यांना काखेत धरून उचललं, खुर्चीत घातलं आणि ओढत टेबलाशी आणलं. दुपार कधीच टळून गेली होती. बाजूच्या स्टुलावर माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. ह्यांना भरवलं की जेवू म्हणून ठेवलेलं, आणि मग गिऱ्हाईक आलं म्हणून राहिलेलं.

डावा हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही. मग उचलला. बोटं घरात बसली. एक कळ दाबली, आणि स्क्रीनवर त उमटला. ठिपक्यांचा गोल नाही, स्वच्छ त. त्यांनी तो बघितला आणि त्यांच्या तोंडातून तो घोगरा आवाज निघाला. मग त्याला दीर्घ उकार. मग अंगठ्यानं जागा सोडली. ज. मात्रा.

तू जे

आणि थांबले.

मी वाट बघत राहिले. तू जे काय? तू जे केलंस ते? तू जे ठरवलंस, मला न विचारता? उद्या गाडी येणार हे त्यांच्यासमोरच ठरलं होतं. "पुढं?" मी विचारलं. डाव्या हाताची बोटं जागच्या जागी चुळबुळ करत राहिली, पण पलीकडे सरकेनात. पुढची कळ उजवीकडे होती. ते घर उजव्या हाताचं, आणि त्यांच्या डाव्या बोटांनी आयुष्यात कधी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. डोकं सांगत असेल जा म्हणून, बोटं ऐकत नव्हती. मी म्हणाले, "जाऊ द्या ना डाव्यानं. आता कोण पट्टी मारतंय?" नाही गेली.

तेव्हा त्यांनी डावा हात कीबोर्डवरून काढला, माझा उजवा हात मनगटाला धरून उचलला, आणि कीबोर्डच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवला. त्यांचा हात जिथे असायचा तिथे. मग आपला डावा हात पुन्हा डावीकडे ठेवला आणि स्क्रीनकडे बघत बसले. मी हाताखालच्या घरांवरून एकेक बोट फिरवत गेले. र नाही. स नाही. न नाही. प्रत्येक वेळी उमटलेलं मी पुसत होते आणि ते मान हलवत होते, ठाम, क्लासमध्ये हलवायचे तशी. व दाबला आणि हाच म्हणून त्यांनी तळहात टेबलावर आपटला.

तू जेव

मी चिडले. खरंच चिडले. "एवढंच सांगायचं होतं?" मी म्हणाले. "इतके दिवस आमी मेलो, तुमचा भाऊ गाडी घेऊन येऊन राहिला, मी हो म्हणून बसले, अन् तुमी काय सांगता, तर जेव?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्टुलाकडे बघितलं. मग मला रडू फुटलं आणि ते बराच वेळ थांबेना. दुकानाच्या दारात एक गिऱ्हाईक आलं, बघितलं आणि तसंच परत गेलं.

दिरांना फोन लावला. म्हटलं, भाऊजी, गाडी आणू नका. ते म्हणाले, काहून, काय झालं? मी म्हटलं, ह्यांना समजतंय, सगळंच समजत होतं. तुमी चार हातांवर उभं राहून जे बोललात तेही समजलंय, असं मला म्हणायचं होतं, पण म्हटलं नाही. मीही तिथेच उभी होते.

मग ताट उघडलं. भाकरी कडक झाली होती, भाजीवर तेलाचा थर धरला होता. उजवा हात कीबोर्डवरून काढून मी जेवायला लागले. ह्यांनी डावा हात कळांवरच ठेवला होता आणि ते काही टाइप करत नव्हते. ताट रिकामं होईपर्यंत ते नुसते माझ्याकडे बघत बसले.