पोटफुगीचा कागद

"मीठ कमी खा. बरं. पापड-लोणचं टाळा. बरं. ओवा भाजून, त्यात चिमूटभर सैंधव घालून कोमट पाण्याबरोबर घ्या." माझा कागद मोठ्यानं वाचता वाचता डॉक्टरबाई इथं थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पहिल्या ओळीत मीठ कमी, तिसऱ्या ओळीत सैंधव. सैंधव काय फळ आहे का हो?"

सकाळचे अकरा वाजले होते. काउंटरवर चार गिऱ्हाइकं होती. चौघांचीही औषधं देऊन झाली होती, पण कुणी हलत नव्हतं. सदाशिव पेठेत दुसऱ्याचा पाणउतारा चालू असताना कुणालाही कामाची घाई नसते. मी खोकल्याच्या बाटल्यांवरची एक्स्पायरी डेट तपासायला घेतली. आदल्या दिवशीच तपासली होती.

"आणि डॉक्टरकडे कधी जायचं, ते कुठल्या ओळीत आहे? मला सापडेना. नंबर वाढला बहुतेक माझा."

"ते नाहीये त्यात," मी म्हणालो.

"अरे वा. म्हणजे नंबर ठीक आहे."

नाइलाजानं गिऱ्हाइकं पांगली. मग त्यांनी आवाज खाली आणला. या बाई म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांचं स्वतःचं छोटं हॉस्पिटल आहे.

"तुमच्याकडून पुड्या नेणारी ती शीतल आहे माझ्याकडे. सकाळी मैत्रिणींनी रिक्षातून आणली. पोटात कळा, उलट्या. सोनोग्राफी केली, तर डाव्या अंडाशयावर ही एवढी गाठ, आणि पीळ बसलाय. पीळ बसला की तिथं रक्त पोचत नाही. भूलतज्ज्ञ येतायत, तासाभरात ऑपरेशनला घेतेय. अंडाशय वाचतं की काढावं लागतं, ते पोट उघडल्यावर कळेल. तुम्ही तिला काय काय दिलंयत? भूल द्यायच्या आधी मला माहीत हवं. तीच म्हणाली, दुकानात विचारा. हा कागदही तिच्याच सॅकमधला."

"ओवा-बडीशेपेची पुडी. गॅसच्या गोळ्या. शेकायची पिशवी. पोटदुखीची गोळी, दोनदा. कालही एक नेली."

"किती दिवस चाललंय हे?"

"चार-पाच महिने."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली, काउंटरवर ठेवली आणि गेल्या. त्यांनी आणखी दोन टोमणे मारले असते तर बरं झालं असतं.

मी फार्मासिस्ट आहे. मेडिकलचं दुकान चालवून बावीस वर्षं झाली. कमी बोलणारा माणूस म्हणून पेठेत माझी ख्याती आहे, आणि ती मी बरीच वर्षं कौतुक समजून जपली. हा कागद कसा निघाला ते सांगतो, म्हणजे त्या ख्यातीची किंमत लक्षात येईल.

आमच्या भागात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली खोल्या घेऊन राहतात. दिवसभर अभ्यासिकेत बैठक, दोन्ही वेळा मेसचं जेवण. पाळीच्या आधी पोट फुगतं, जड होतं, सलवारीची नाडी काचते, ही त्यांची नेहमीची तक्रार. ती सांगायची पद्धत अशी: "काका, ते... पोटाचं काहीतरी द्या ना." पोटाचं म्हणजे कसलं, हे मुली सांगायच्या नाहीत आणि मी विचारायचो नाही. दोन्ही बाजूंनी सुसंस्कृतपणाची नुसती शर्थ. पॅडचं पाकीट मी वर्तमानपत्रात असं गुंडाळून द्यायचो, की बघणाऱ्याला वाटावं आत पिस्तूल आहे.

बोलणं टाळायचं असेल तर पुणेकराकडे एक हमखास इलाज असतो: लिहून लावायचं. सुटे मागू नयेत, बेल एकदाच वाजवावी, पत्ता विचारू नये. पाळीतल्या पोटफुगीबद्दल पाटी लावायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी कागद टाइप केला, शंभर झेरॉक्स काढल्या, आणि 'पोटाचं' हा शब्द कानावर पडला की एक कागद पुढे सरकवायला लागलो. तोंड उघडायची गरजच संपली. मला फार आधुनिक वाटलं.

उपाय माझ्या बायकोनं, सुनीतानं सांगितलेले. मीठ कमी. ओवा, बडीशेप, आल्याचं पाणी. एखादं केळं. सोड्याच्या बाटल्या बंद. पोटाला कोमट शेक आणि थोडं चालणं. यातलं काही खोटं नाही, हे आधी स्पष्ट करतो. पाळीच्या आधी हार्मोन्स बदलतात, शरीर पाणी धरून ठेवतं आणि आतडी सुस्तावतात. मीठ कमी केलं की पाणी कमी साठतं. ओवा-बडीशेपेनं गॅसला आराम पडतो. सैंधव ही माझी भर. चवीसाठी. बहुतेक मुलींना दोन-चार दिवसांत बरं वाटायचं, कारण पाळी सुरू झाली की फुगलेलं पोट बहुधा आपलं आपणच उतरतं. श्रेय अर्थात कागदाला.

सुनीताच्या यादीत आणखी एक ओळ होती, शेवटची: 'पाळी संपल्यावरही पोट उतरलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.' ती मी गाळली. दुकानाचा शिक्का मारायला जागा उरत नव्हती.

हो. शिक्क्यासाठी. अक्षर थोडं बारीक करता आलं असतं, हेही तेव्हा सुचलं होतं. पण मग शिक्का उठून दिसला नसता.

शीतल सोलापूरकडची. तिशीच्या अलीकडची, सावळी, बोलायला मोकळी. पूर्वपरीक्षा पास झाली होती, मुख्य परीक्षा तोंडावर होती. पहिल्यांदा आली तेव्हा पॅडचं पाकीट आणि पुडी नेली, कागद वाचून हसली. "काका, हे तर आमची आई फोनवर फुकट सांगते." पुढच्या महिन्यात पुन्हा आली. मग महिन्याच्या मधेच आली. मग दर आठवड्याला.

औषधाच्या दुकानदाराला एक गोष्ट दिसते, जी घरच्यांनाही दिसत नाही. कोण काय नेतंय, आणि किती दिवसांनी. पोटफुगी जर महिनाभर राहत असेल, तर तिचा पाळीशी संबंध उरलेला नाही, हे कळायला फार्मसीची पदवी लागत नाही. पदवी माझ्याकडे होती, तरीही मी गप्प राहिलो. शीतलचे हात, चेहरा वाळत चालले होते आणि कुर्त्यातून पोट दिसायला लागलं होतं. हे मला दिसलं. दिसलंच नाही असं म्हणून मी अजूनही सुटू शकतो. इतके दिवस तसंच म्हणत होतो.

आता जे लिहितोय ते सुनीता सोडून कुणाला सांगितलेलं नाही. दोन महिने शीतलनं माझ्याकडून पॅड नेले नव्हते. पोट वाढतंय, पॅड बंद. मी हिशोब जुळवला. एकटी राहणारी मुलगी, घरापासून लांब. म्हणजे 'तसलं' काहीतरी. तपासणी नाही, प्रश्न नाही, निदान पक्कं. आणि मी ठरवलं की आपण यात पडायचं नाही. त्याला मी मनातल्या मनात सभ्यपणा असं नाव दिलं.

कौतुकाची गोष्ट पुढेच आहे. माझ्या मते ती गरोदर होती, आणि तरी मी तिला पोटदुखीची गोळी दिली. गरोदर बाईला ती विचारल्याशिवाय देत नाहीत. म्हणजे माझा संशय खरा निघाला असता, तरी मी चूकच होतो. दोन्हीकडून नापास व्हायलाही काही कसब लागतं.

एकदा जेवताना सुनीताला म्हणालो, "ती सोलापूरची मुलगी... भानगड दिसतेय."

"विचारलंत तिला?"

"छे. आपल्याला काय करायचंय?"

"मग मला कशाला सांगताय?"

मी ताक मागितलं.

त्याच आठवड्यात शीतल आली होती. "काका, पुडीनं काहीच होईना ओ. दोन घास खाल्ले की पोट गच्च होतंय. लघवीला पण सारखं जावं लागतंय." एवढं सांगितलं तिनं. काउंटरवर, स्वतःहून, मागं एक गृहस्थ उभे असताना. याहून जास्त कुणी काय सांगायचं?

"चालणं वाढव," मी म्हणालो.

ती क्षणभर थांबली.

"अजून काही?" मी विचारलं. दुकानदार हे ज्या स्वरात विचारतो त्या स्वरात. म्हणजे, पुढचं गिऱ्हाईक येऊ दे.

"नाही," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी डॉक्टरबाई गेल्यावर मी दोनदा हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत जाऊन काय सांगणार? मी कोण? पुडीवाला? एका बाईंना मधुमेहाच्या गोळ्यांऐवजी त्यांच्या यजमानांच्या रक्तदाबाच्या काढून दिल्या. त्यांनीच स्ट्रिप परत केली. "तब्येत बरी नाही वाटतं तुमची?" "बरी आहे," मी म्हणालो. "मग लक्ष द्या," त्या म्हणाल्या.

दुपारी फोन आला. "काढावं लागलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डावं अंडाशय काळं पडलं होतं. उजवं व्यवस्थित आहे. गाठ तपासणीला पाठवलीय."

"आधी आली असती तर?"

"पीळ बसायच्या आधी आली असती तर नुसती गाठ काढून अंडाशय ठेवता आलं असतं बहुधा." मग थोडं थांबून, "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

तपासणीचा रिपोर्ट आठवड्यानं आला. कॅन्सर नव्हता. मुख्य परीक्षा हुकली होती.

महिन्याभरानं शीतल दुकानात आली. सावकाश चालत, सोबत आई. आई समोरच्या दुकानात दोरे-सुया बघायला थांबली. काउंटरवर दुसरं कुणी नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता बोललो.

"शीतल, मला दिसत होतं. पोट उतरत नाहीये हे कळत होतं मला. मी तुला डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं." आणि एवढ्यावर थांबता आलं असतं, पण म्हटलं आता निघालंच आहे तर निघू दे. "मला वाटलं होतं, तुला... दिवस गेलेत. तू पॅड न्यायची थांबलीस ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, पोटावर हात धरून. टाके होते.

"काका, आम्ही खोलीतल्या चौघी मिळून ऑनलाइन मागवायला लागलो. स्वस्त पडतं."

 बावीस वर्षांच्या धंद्यात ऑनलाइनवाल्यांना मी रोज शिव्या घातल्या होत्या. हे सुचायला हवं होतं.

"पण तुम्हाला काय वाटतंय ते माहीत होतं मला," ती म्हणाली. आता हसत नव्हती. "तुमी पोटाकडं बघायचा आणि लगीच मान फिरवायचा. मी सॅक पुढं धरून यायला लागले. मग म्हटलं, औषधवाल्या काकांना असं वाटतंय, तर डॉक्टरीणबाई आधी तेच विचारणार. घरी फोन करणार. वडील अभ्यास बंद करून घेऊन जाणार. म्हणून गेलेच नाही."

"मी तर कुणाला काही बोललो नव्हतो," मी म्हणालो.

"तेच तर. बोलला असता तर 'नाही ओ काका' म्हटलं असतं मी."

आई रस्ता ओलांडून आली. शीतलनं लोहाच्या गोळ्या मागितल्या, प्रिस्क्रिप्शन होतं. मी दिल्या. आईनं मला हात जोडले. "पोरीकडं लक्ष ठेवा, तुमचं दुकान जवळ हाय," म्हणाल्या. शीतल दुसरीकडे बघत होती. तिनं आईला माझ्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

आता 'पोटाचं काहीतरी' मागणाऱ्या प्रत्येक मुलीला मी दोन प्रश्न विचारतो. किती दिवसांपासून? आणि पाळी संपल्यावर उतरतं का? उतरत असेल तर खुशाल ओवा. नसेल, किंवा थोडं खाऊन पोट गच्च होत असेल, तर आधी डॉक्टर. दोन्ही प्रश्न विचारायला पाव मिनिट लागतं. सुरुवातीला माझे कान तापायचे. मुलींचे नाही तापले. त्या लगेच उत्तर देतात, वर आणखी तीन गोष्टी सांगतात. इतकी वर्षं कुणीतरी विचारायचीच वाट बघत असाव्यात.

मागच्या आठवड्यात एक सत्तरीचे गृहस्थ रागावले. "अहो, भर दुकानात पोरीबाळींना हे काय विचारता? लाज नाही वाटत?"

"तुमचं बद्धकोष्ठ किती दिवसांचं, ते मी कुठे विचारलं होतं?" मी म्हणालो. "तुम्हीच सांगितलंत, परवाच. इथंच. सहा माणसं होती."

त्यांनी दुकान बदललं. जाऊ देत. पुढच्या दुकानदाराला ते स्वतःहून सांगतील, मोठ्यानं सांगतील, आणि बरे होतील. शीतलनंही सांगितलं होतं. तिच्या वेळी दुकानदार मी होतो, एवढाच फरक.