जिन्याखालची थंडी

माझ्या मुलीनं मला बरंच काही शिकवायचा प्रयत्न केला आहे. व्हिडिओ कॉल लावायला, भाजीत तेल कमी टाकायला, आणि पुण्याला नोकरी लागल्यापासून ‘मले’च्या ऐवजी ‘मला’ म्हणायला. शेवटचं मला जमतं, पण राग आला की जमत नाही. त्या फेब्रुवारीत ती काचेची पेटी मांडीवर घेऊन आमच्या बेसा भागातल्या घरासमोर ऑटोतून उतरली आणि पहिलंच वाक्य बोलली, “आई, फक्त मे लागेपर्यंत हं. नागपूरच्या भर उन्हाळ्यात हे जगूच शकत नाहीत.”

“काहून नाही जगत?” मी म्हटलं. पेटीत काय आहे हेही तोवर मी पाहिलं नव्हतं.

पेटीत दोन न्यूट होते. न्यूट म्हणजे काय हे मलाही त्याच दिवशी कळलं, म्हणून सांगून टाकते. बेडकाच्या गोतावळ्यातला, पण शेपूट असलेला प्राणी. बोटाएवढा लांब, पाठ काळपट, आणि पोट असं की पिकलेल्या संत्र्याचा रंग फिका पडावा. पाण्यात राहतो, मधेच दगडावर येऊन बसतो, आणि आपल्याकडे असा पाहतो जसं काही आपणच त्याच्या घरी पाहुणे आलो आहोत. मुलीची मैत्रीण परदेशात गेली तेव्हा कागदपत्रांसकट हिच्या गळ्यात घालून गेली. पुण्याच्या घरमालकिणीनं पेटी पाहिली आणि “हे नाही चालणार” म्हणून हात झटकले. बेंगळुरूला असे प्राणी सांभाळणारा एकजण होता, तो घ्यायला तयार होता, पण त्याच्याकडे मे महिन्याशिवाय जागा नव्हती. तोवर माहेर जिंदाबाद.

“पाणी चोवीस डिग्रीच्या वर गेलं की ह्यांना त्रास होतो,” मुलगी म्हणाली. “मी मेमध्ये येऊन घेऊन जाईन.”

“आणि मी चोवीसच्या खाली ठेवून दाखवलं तर?”

“आई, तू दिवसभर दुकानात असतेस.”

“ठेवून दाखवलं तर?”

“तर राहू दे इथंच,” ती म्हणाली आणि हसली. ती हसली ना, तिथंच माझं डोकं सटकलं. लहान मूल ‘मी चंद्र आणतो’ म्हणालं की आपण जसे हसतो, तशी हसली. मी गांधीबागेत नवऱ्याच्या बरोबरीनं कापडाचं दुकान चालवलेली बाई आहे. गिऱ्हाइकानं असं हसून पाहावं, ते दोन लुगडी जास्तीची घेऊन पायरी उतरतं.

पण खरं सांगायचं तर गोष्ट एकट्या रागाची नव्हती. मला ते दोघं हवे होते. मुलगी गेल्यापासून सकाळी उठून ‘काय रे, झोप लागली का?’ असं विचारावं असं घरात कोणी उरलं नव्हतं. ह्यांना विचारलं तर हे पेपरातून मान वर करत नाहीत. न्यूट निदान शेपूट हलवत होते.

आता पहिली अडचण जागेची. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि वर स्लॅब आहे. उन्हाळ्यात आमच्या खोलीत पापड वाळतात, न्यूट कसले राहतात! अख्ख्या घरात गार जागा एकच, खाली जिन्याखालची. आणि ती जागा जाऊबाईंची. खालच्या मजल्यावर थोरले दीर आणि जाऊबाई. चुली वेगळ्या झाल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. भांडण असं काही नव्हतं, पण बोलणंही असं काही नव्हतं. सणावाराला हळदीकुंकू, बाकी दिवस ‘जेवण झालं का’ आणि ‘हो झालं’. मी पेटी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

“काय आणलं वं पोरीनं?” त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. “माय वं! पाली आहेत ह्या!”

“पाली नाहीत बाई. बेडकाचे भाऊबंद आहेत.”

“शेपूट आहे, चार पाय आहेत, अन् पाल नाही म्हणून राहिली? लोक पाली झाडूनं हाकलतात, अन् तू काचेत बसवून राहिली.”

मी जिन्याखालची जागा मागितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. त्यांच्या गव्हाच्या कोठ्या तिथं होत्या. “घे जागा,” त्या म्हणाल्या. “पण मी हात नाही लावणार, आधीच सांगून ठेवतो. अन् वास आला तर त्याच दिवशी रस्त्यावर.” कोठ्या मात्र त्यांनीच ढकलल्या. मी पुढे झाले तर “सरक” म्हणाल्या.

आता माझी पाळी. माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याचं. बाबांच्या बागेत विहिरीजवळ एक विटांची कोठी होती. दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, मधे वीतभर फट, आणि त्या फटीत रेती. रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, वरून ओलं बारदान टाकायचं. बाहेर पाखरं झाडावर चोच वासून बसायची आणि आत संत्रं हातात घेतलं की गार लागायचं. पाणी मारायचं काम लहानपणी माझं होतं. जितकी हवा कोरडी तितकी कोठी गार, हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही, माझ्या हाताला माहीत आहे. मुलगी म्हणत होती की नागपूरचा उन्हाळा शत्रू आहे. मी म्हटलं, बाई गं, त्यालाच कामाला लावते.

विटा आणल्या, रेती आणली. सिमेंट नाही, नुसती विटेवर वीट. दोन्ही भिंतींच्या मधे रेती दाबून भरली, आत काचेची पेटी बसवली, समोरून पाहायला एक बाजू मोकळी सोडून तिथं बारदानाचा पडदा लावला. पुढचं दार आणि मागचं दार उघडं ठेवलं की वारा बरोबर त्या विटांना घासून जायचा. पेटीत मी चपटे दगड रचले, शेवाळ पसरलं, मनीप्लांटची फांदी सोडली. ह्यांनी जिन्यावरून खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, “किल्ला बांधून राहिली का? तोफ कुठं ठेवशीन?” मी म्हटलं, “तोफेच्या तोंडी कोणाले द्यायचं ते ठरवून राहिली.” हे वर निघून गेले.

मार्च सरला. बाहेर डांबर मऊ व्हायला लागलं आणि पेटीतल्या थर्मामीटरचा पारा एकविसावर, बाविसावर. सकाळी दुकानात जाण्याआधी मी रेती भिजवायची, रात्री जेवणाआधी पुन्हा. पण एप्रिल लागला तशी दुपारी रेती सुकायला लागली. दुपारी मी गांधीबागेत, लग्नसराईच्या गर्दीत. मी मनातून घाबरले होते, पण जाऊबाईंना कसं म्हणणार? त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मग एका संध्याकाळी येऊन पाहते तर रेती चिंब.

“बाई, दुपारी पाणी कोणी मारलं?”

“पडलं असंल,” जाऊबाई म्हणाल्या आणि तूर निवडत राहिल्या.

पाणी मग रोजच पडायला लागलं. इतकं पडायला लागलं की बाहेरचा एक खडबडीत अंगाचा मोठा बेडूक त्या ओलाव्याला भुलून आला आणि खालच्या विटेच्या फटीत बसला. मी मुलीला फोन करून विचारलं, ह्यालाही पेटीत सोडू का, जागा आहे. ती किंचाळलीच. न्यूटच्या कातडीत विष असतं, दोघांना एका पाण्यात ठेवायचं नाही. मग बेडूक बाहेरच्या बाहेर राहिला, आपल्या मर्जीनं यायचा, आपल्या मर्जीनं जायचा. जाऊबाईंनी त्याच्यासाठी एक मातीची पणती पाण्यानं भरून ठेवली. “भाडेकरू आहे,” म्हणाल्या. “त्याले काय तहानलेलं ठेवू?” मी काही बोलले असते तर त्यांनी पणती उचलली असती, इतकं मी त्यांना ओळखते.

आणि मग तो दिवस. दुकानात नवरीकडची माणसं बसली होती, समोर शालूंचा ढीग, आणि फोन वाजला. जाऊबाई मला फोन करत नाहीत. कोणी गेलं तरच करतील.

“अवं, ते पाण्यात जाऊन नाही राहिले,” त्या म्हणाल्या. “दोघंही दगडावर चढून बसले. तोंड वर करून राहिले. मी सकाळी पेटीत पाणी टाकलं होतं.”

“कोणतं पाणी?”

“बादलीतलं. तू ठेवलं होतं तेच. टँकरचं, लय गढूळ होतं. मी तुरटी फिरवली.”

मी हातातला शालू खाली ठेवला. आमच्या भागात टँकरचं पाणी आलं आणि गढूळ दिसलं की त्यात तुरटी फिरवायची, ह्याला विचार करावा लागत नाही. पाणी दिसलं की हात आपोआप फिरतो. माझाही फिरला असता. पण न्यूट कातडीतून श्वास घेतो. आपल्या डोळ्यात तुरटीचं पाणी गेलं तर कसं होईल, तसं त्याचं सगळं अंग. मला रागही आला, खोटं कशाला बोलू. ‘हात नाही लावणार’ म्हटलं होतं तर लावला कशाला, असं तोंडावर आलं होतं. पण फोनवर त्यांचा आवाज असा बारीक झाला होता की मी गिळलं. “बाई, त्यांना त्या पेटीतून काढा,” एवढंच म्हटलं आणि निघाले.

गांधीबाग ते बेसा. एप्रिलची दुपार. स्कूटीची सीट पेटलेली आणि सिग्नलला सगळे सावली शोधत झाडाखाली थांबलेले. मी रस्ताभर स्वतःशी बोलत होते. एकदा जाऊबाईंना शिव्या, एकदा टँकरवाल्याला, एकदा स्वतःला. मुलीला काय सांगू? ती काही बोलणार नाही, तेच वाईट. ती ‘जाऊ दे आई’ म्हणेल.

घरात शिरले तर जिन्याखाली पेटी रिकामी. मी दगड उचलून पाहिले.

“इकडं,” जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

जाऊबाईंचा पिण्याचा माठ. त्या टँकरचं पाणी पीत नाहीत, मागच्या देवळाच्या विहिरीचं पाणी कापडातून गाळून भरतात. त्या माठात हात न धुता कोणी ओगराळं बुडवलं तर घर डोक्यावर घेतात. थोरल्या दिरांनाही विचारून पाणी प्यावं लागतं. तो माठ त्यांनी रुंद परातीत ओतला होता, परात ओल्या फडक्यावर ठेवली होती, आणि पाण्यात दोघं न्यूट पोट पसरून पडले होते. हलत होते. एकानं तर माझ्यासमोर वळसा घेतला आणि पोटाचा केशरी रंग दाखवला.

“कशानं काढले?” मी विचारलं.

त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. “ह्यानं. अजून कशानं? सांडशीनं काढू का?” आणि मग खाली बसल्या. “मेले तर नाही ना वं? पोरीचे होते.”

मी त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवसापासून पेटीत विहिरीचं पाणी जातं, तेही गाळून. माझी मागायची हिंमत नव्हती, त्यांनीच भरलं.

मे महिन्यात मुलगी आली. हातात भोकं पाडलेला छोटा डबा, म्हणजे न्यायची पूर्ण तयारी. भर दुपार होती. बाहेर कुत्री गटाराच्या काठाला जीभ काढून पडली होती. तिनं बारदान बाजूला केलं, आत हात घातला आणि म्हणाली, “आई!” थर्मामीटरवर तेवीस होतं. तिनं ते काढून झटकलं, पुन्हा पाण्यात धरलं. तेवीस. तिनं विटांवर हात फिरवला, रेतीत बोट घातलं. मी मागे उभी होते आणि माझी छाती इतकी फुगली होती की पदर पुरेना.

पण ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. “आई, तू कमाल केलीस, खरंच. पण नवतपा अजून यायचाय. मेच्या शेवटाचे ते आगीचे नऊ दिवस तुला माहीत आहेत. काही झालं तर तुझ्याच जिवाला लागेल. मी घेऊन जाते.” आणि तिनं डबा उघडला.

भांडणात मी ऐकणाऱ्यातली नाही, पण ती माझ्या भल्याचं बोलत होती, आणि नवतपा मलाही माहीत होता. मी म्हणाले, “बरं.” तेवढंच.

तेव्हा जाऊबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. सरळ वाटच अडवली.

“ठेव तो डबा,” त्या मुलीला म्हणाल्या.

“मोठी आई, अगं नवतप्यात...”

“नवतपे मी तुह्यापेक्षा जास्त पाहिले. आयक माहं. ह्या घरात मी तुह्या आईच्या आधी आलो. इतक्या वर्षांत मी तिले कधी चांगलं म्हटलं नाही. हो ना वं?” हे मला होतं. मी मान हलवली. खरंच होतं ते. “तुह्या आईनं नागपुरात थंडी बांधली, पोरी. विटेवर वीट ठेवून. मी रोज दुपारी इथं बसून पाहून राहिली. असं कोणाले जमते? मले नाही जमत. बेंगळुरूले आहे का असं कोणी? असंल तर ने त्याच्याकडं.”

मुलीनं डबा बंद केला आणि गव्हाच्या कोठीवर ठेवून दिला.

मला दुकानात कौतुकाची सवय आहे. गिऱ्हाईक करतं, व्यापारी करतात, त्यात स्वार्थ असतो आणि तो मला दिसतो. पण जावेच्या तोंडून, आणि तेही माझ्या पोरीसमोर! मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसून रडले, तोंड न झाकता.

“आता रडून काहून राहिली?” जाऊबाई म्हणाल्या. “ऊठ, रेती सुकून राहिली.”