डब्यावरचा शब्द

चांद्याच्या जंगलाकडेला एका आरागिरणीत वडील कारकून होते. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन घरी आले, तेव्हापासून ते कोणालाही सांगत, "इंग्रजी वाचायचं असलं तर आमच्या मुलीला दाखवा." मला ते आवडत नसे. पण तसं मी कधी बोलले नाही.

आमच्याकडे मासे आणणारी ढिवरीण एकदा पत्र्याचा रिकामा डबा घेऊन आली. गिरणीमागे फेकलेला. लेबल फाटलेलं, उरला होता एकच शब्द.

"पाहा बरं बाई, काय लिवलं हाये? बाजारासाठी जित्त्या मासोया ठेवीन म्हणते."

"गिफ्ट. म्हणजे भेट."

"मंग तं मलेच देल्ली दिसते," ती हसली.

दोन दिवसांनी ती रिकाम्या हातांनी आली. डब्यातले सगळे मासे सकाळी पोट वर करून तरंगत होते. एक मांजरीने पळवला, तीही मेली. "माहाच हात वाईट," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात करवत दुरुस्त करायला एक जर्मन मेकॅनिक आला. वडिलांनी त्याला चहाला आणलं आणि इंग्रजी बोलायला मला पुढे केलं. मी डब्याचं विचारलं. त्याचा कप हातातच राहिला. लाकडाला कीड लागू नये म्हणून लावायची पूड होती ती. त्याच्या भाषेत गिफ्ट म्हणजे विष.

शब्द मुळात एकच, तो सांगू लागला, अर्थ 'दिलेलं'. औषधाचा 'डोस'ही ग्रीकमध्ये 'देणं'च. विषाचं नाव घ्यायला नको म्हणून जर्मन लोक 'दिलेलं' म्हणू लागले, आणि पुढे विषच तेवढं उरलं. त्याची बायको स्वीडनची. तिच्याकडे याच शब्दाचा अर्थ विष, आणि लग्न झालेली असाही. तो हसला. वडीलही हसले. त्यांच्या खिशात माझ्या स्थळाचं पत्र होतं.

आपल्याकडेही मुलगी देतातच. मी कपबशा उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ढिवरणीच्या घरी गेले. डबा घासून, पाणी भरून दारात ठेवलेला. मी सगळं सांगितलं. तिने पाणी ओतून दिलं.

"इंग्रजी नोती तं ते?"

"नाही मावशी. जर्मन."

"मंग येत नोती तं काऊन वाचलं, बाई?"

ती पुन्हा आमच्या दारी आली नाही.

वैशाखात माझं लग्न झालं. सासरी पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी एक इंग्रजी पत्र पुढे केलं.

"मला येत नाही," मी म्हणाले.

माझ्या वडिलांनी खोटं सांगून मुलगी दिली, असं त्या घरात पुढे कितीतरी वर्षं बोललं गेलं.