वसुधाची साधी वाक्यं

वसुधा गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. ऑफिसात दुपारी डबा उघडत होते. वर्गातल्या एकीने लिहिलं होतं, ‘आपली वसुधा आज सकाळी गेली.’ आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हिला माझ्याआधी कसं कळलं? रडू नंतर आलं, जिन्यात एकटी उभी राहिल्यावर… आता महिना होऊन गेला. तिच्याविषयी लिहायचं तर हेव्यापासूनच सुरुवात करायला हवी. आमच्या मैत्रीत तो पहिल्यापासून होता, फक्त माझ्या बाजूने.

बाबांच्या कंपनीने त्यांना पुण्याहून बंगळूरला पाठवलं आणि मी जयनगरच्या एका कॉलेजात इंग्रजी साहित्य आणि व्यावसायिक लेखन असे विषय घेतले. वर्गात माझ्याखेरीज मराठी मुलगी एकच, वसुधा. घर बसवनगुडीत, वडिलांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान, आणि घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून की मूळ गाव कुठलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. शाळा कन्नड माध्यमाची. “स्वल्प सरक गे, मी पण बसते,” असं तिचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं. इंग्रजी तर त्याहून अडखळत बोलायची. मला बरं वाटलं. हिच्याशी मैत्री सोपी जाईल, असं वाटलं.

दुसऱ्या वर्षी लेखनाच्या मॅडमनी काम दिलं: घरातली एखादी वस्तू कशी वापरायची ते अनोळखी माणसासाठी लिहा. मी कॉफीच्या मशीनवर दोन पानं लिहिली, येत होते तेवढे भारी शब्द घालून. वसुधाने आईच्या इडलीच्या ग्राइंडरवर अर्धं पान लिहिलं. ‘आधी हात पुसा. ओल्या हाताने बटण दाबू नका. मग तांदूळ घाला.’ मॅडमनी ते मोठ्याने वाचलं, कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मी हेच दोन वर्षं सांगतेय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन आईवर विनाकारण ओरडले.

शेवटच्या वर्षी एका प्रकाशन संस्थेत सहा महिने काम शिकायला एका विद्यार्थ्याला घेणार होते. प्रत्येकाने एक लेख पाठवायचा होता. वसुधाने तिचा माझ्या हातात दिला. “तुझं इंग्रजी नीट आहे. चुका काढून दे.” लेख तिच्या वडिलांवर होता. गिऱ्हाईक काही न घेता उठून गेलं की मोडलेल्या साड्यांच्या घड्या ते पुन्हा एकेक करून घालायचे, न रागावता, गुणगुणत… व्याकरणाच्या चुका असतील पाच-सहा. वाचून झाल्यावर मी उठून पाणी प्यायले. मग बसले आणि त्या चुका दुरुस्त केल्या. पण तिथे थांबले नाही. तिची छोटी वाक्यं जोडून लांब केली. साधे शब्द काढून पुस्तकी घातले. घड्यांचा परिच्छेद विषयाला सोडून आहे म्हणून गाळला. लेख शुद्ध झाला आणि मेला. मला हे करताना कळत होतं. तिने माझे आभार मानले आणि तो तसाच पाठवला. जागा मला मिळाली. त्याचा आनंद म्हणून तिने मला हॉटेलात नेऊन डोसा खाऊ घातला.

त्यानंतर मीच तिचे फोन टाळू लागले. सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायची नोकरी धरली, लग्न झालं, वर्षं गेली. गेल्या साली बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना इस्पितळाने एक छापील कागद दिला. बाबांनी माझी एकही पुस्तिका कधी शेवटपर्यंत वाचलेली नाही. तो कागद मात्र त्यांनी दोनदा वाचला आणि माझ्यापुढे धरला, “बघ मुक्ता, लिहावं तर असं.” तिसऱ्या ओळीलाच मी ओळखलं, हे कुणाचं. नर्सला विचारलं, तर वसुधाच. कितीतरी वर्षं तिथे रुग्णांसाठी हेच लिहीत होती. “आता रजेवर आहेत,” नर्स म्हणाली. “त्यांचेच उपचार चालू आहेत.”

मी बसवनगुडीला गेले. डोक्याला रुमाल बांधून ती गॅलरीत बसली होती, निम्मी झालेली. मी फार वेळ न लावता सांगून टाकलं. तो लेख मी मुद्दाम बिघडवला होता.

“माहीत होतं गे.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. मूळचा कागद होताच की माझ्याकडे.”

“मग तू तसाच का पाठवलास?”

“मूळचा पाठवला असता तर तुला कळलं असतं की मला कळलं. मग तू बोलली नसतीस माझ्याशी. आणि झालं काय, तरी बोलली नाहीस.” मग हसली. “सरी, ठीक आहे, जाऊ दे. कॉफी घेणार?”

मला माफी मिळाली होती, आणि मला तिचा हेवा वाटत होता. इतकं मोठं मन हिच्याच वाट्याला का, म्हणून. त्यानंतर चार वेळा गेले. पाचव्यांदा जायचं राहिलं.

परवा तिच्या आईला भेटायला गेले. वडील आधीच गेलेले, मोठा भाऊ, तिचा अण्णा, परदेशात. अम्मा आता एकट्याच. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता, वसुधाने शेवटच्या आठवड्यांत त्यांच्यासाठी लिहिलेला. भाषा मराठी, पण अक्षरं कन्नड, त्यांच्या घरी तसंच लिहितात. मला वाचता येईना म्हणून अम्मांनी एकेका ओळीवर बोट ठेवत वाचून दाखवलं. ‘बीपीची गोळी जेवल्यावर. आधी नाही. अण्णाचा फोन रविवारी येईल. नाही आला तर सोमवारी तू कर. गॅस संपायची वाट बघू नको.’ आणि सगळ्यात खाली, ‘दुधाची आता एकच पिशवी पुरे.’

मी गेली पंधरा वर्षं लिहिण्याचा पगार घेते. असं एक वाक्य मला जमलेलं नाही, जमणारही नाही. तिथे, तिच्या आईशेजारी उभी असतानाही मला पहिलं तेच वाटलं.

“सांगितलं मी दूधवाल्याला, एकच दे म्हणून,” अम्मा म्हणाल्या. माझ्याकडे नाही, कागदाकडे बघून.