रुवैसच्या चाचांची हजेरी

आमचे रुवैसचे चाचा कुठेही गेले तरी आधी पळून जायचा रस्ता शोधतात आणि मग बसायला खुर्ची. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो की कोणाचं घर, बाहेर पडायचं दार नीट पाहून ठेवल्याशिवाय या माणसाने पाण्याचा घोट घेतलेला मी गेल्या अठरा वर्षांत पाहिलेला नाही. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. माझ्या नवऱ्याचे साहेब, आखातातल्या रुवैसच्या एका गॅस प्लांटमधले सेफ्टी सुपरवायझर, आणि मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. माझा नवरा आठवडाभर तिकडे कॅम्पात राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी दुबईत करामाला घरी येतो. एखाद्या शुक्रवारी चाचाही त्याच्याबरोबर येत. दारात सलाम झाला की चपला काढून थेट स्वयंपाकघरात. वाकून रेग्युलेटरचा वास घ्यायचे, रबरी नळीवरची तारीख चष्मा वर करून वाचायचे आणि मग म्हणायचे, "हां, अब चाय चलेगी." एकदा नळीची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली निघाली. चाचा तसेच खाली उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी नळी आणली, स्वतः बसवली, साबणाचा फेस लावून तपासली आणि मगच चहाला हो म्हणाले. मी तोवर वही विसरून शाळेत आलेल्या मुलीसारखी ओट्याशी उभी होते.

शारजातल्या एका निकाहात तर त्यांनी कमालच केली. नवरदेव मंचावर, काजी रजिस्टर उघडून बसलेले, आणि चाचा हॉलच्या मॅनेजरला हाताला धरून मागच्या बाजूला घेऊन गेलेले. इमर्जन्सीच्या दारासमोर तांदळाची पोती रचून ठेवली होती. मॅनेजर म्हणाला, "हबीबी, खाना होते ही हटा देंगे." चाचा म्हणाले, "पहले दरवाजा, फिर कबूल है." शेवटी मुलीच्या बापाने शेरवानीच्या बाह्या वर करून पोत्यांना हात लावला तेव्हा कुठे निकाह पढला गेला. त्या घरातली माणसं नंतर वर्षभर चाचांशी धड बोलत नव्हती, आणि चाचांना त्याचा पत्ताही नव्हता. दार मोकळं झालं होतं, त्यांचं काम झालं होतं.

वाऱ्याचंही तसंच. प्लांटमध्ये गॅस सुटला तर वारा कुठून येतोय ते पाहून आडवं निघायचं असतं म्हणे. त्यामुळे चाचा मोकळ्या जागेत आले की खिशातून पांढरा रुमाल काढून डोक्यावर धरतात, तो कुठे फडफडतो ते पाहतात आणि समाधानाने घडी करून परत ठेवतात. झाबील पार्कात आम्ही मुलांचे वाढदिवस करत असू तेव्हा केक कापायच्या आधी हा विधी व्हायचा. माझी मुलगी तन्वी लहान होती तोवर टाळ्या वाजवायची. सोळाची झाल्यापासून ती "ओ गॉड, चाचा, प्लीज" एवढंच म्हणते आणि दुसरीकडे बघते.

हा माणूस गेल्या वर्षी रिटायर व्हायचा होता. सप्टेंबरात व्हिसा रद्द होणार, मग कायमचं गावी. लग्नाला तेहतीस वर्षं झालेली, पण सगळ्या सुट्ट्या जोडून नवरा-बायको एका छपराखाली राहिले ते पावणेतीन वर्षं. बाकीचं सगळं आधी पत्रांवर आणि मग फोनवर. आयुष्यभर ज्याने शेकडो माणसांना दारं दाखवली, त्याला आपल्याच घराच्या दारातून आत जायची धास्ती वाटायला लागली होती. माझ्या नवऱ्याला एकदा म्हणाले, "घर ती चालवते, वाडी ती बघते, मुलं तिने वाढवली. मी जाऊन काय करू? पाहुण्यासारखा बसू?" त्याच सुमारास त्यांची बायको, आमच्या चाची, व्हिजिट व्हिसावर दुबईला आल्या होत्या, त्या माझ्या ओट्याशी बांगडे साफ करता करता म्हणाल्या, "महिन्याच्या पाहुण्याचं मी सगळं करते गं. पण पाहुणा कायमचा आला तर कसं करायचं, ते मला कोणी शिकवलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं बरं आहे. तू आठवड्याला तरी बघतेस."

त्यावरूनच ती दक्षिण आफ्रिकेची ट्रिप निघाली. दोघांनी जन्मात एकत्र कुठे प्रवास केला नव्हता. एक व्हॅन, एक गाइड, केपटाऊनपासून समुद्राच्या कडेकडेने पूर्वेला नऊ दिवस. आम्ही तिघं, ते दोघं, आमच्या बिल्डिंगमधले दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. दुबईत जुलैचा भट्टीसारखा उकाडा आणि तिकडे कडाक्याची थंडी. आम्ही सगळ्यांनी नवे स्वेटर घेतले. चाचा प्लांटचं थंडीतलं जॅकेट घालून आले, पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्यांसकट. अख्ख्या ट्रिपच्या फोटोंत समुद्र, डोंगर, सूर्यास्त काहीही असलं तरी मधोमध त्या दोन पट्ट्या फ्लॅशमध्ये पेटलेल्या आहेत.

आमचा गाइड थेम्बा म्हणून एक उंच, हसरा माणूस होता. गाडीही तोच चालवायचा. पहिल्या सकाळी तो स्वागताचं भाषण करणार तेवढ्यात चाचा गळ्यातली शिट्टी वाजवत पुढे झाले आणि म्हणाले, "वन मिनिट, ब्रदर. टूलबॉक्स टॉक." प्लांटवर काम सुरू करायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून धोके समजावतात, ते हे. चाचांनी आधी टायर बघितले, आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख वाचली आणि मग नियम सांगितले. एक, चालत्या गाडीतून उतरायचं नाही. दोन, कुठेही धावायचं नाही. तीन, प्रत्येक थांब्यावर मी एक असेंब्ली पॉइंट सांगणार. चुकामूक झाली तर तिथे येऊन बसायचं, शोधत फिरायचं नाही. शिवाय प्रत्येकाला नंबर. चाचा एक, चाची दोन, माझा नवरा तीन, मी चार, तन्वी पाच, डॉक्टर नवरा-बायको सहा आणि सात, थेम्बा आठ. गाडीत बसलं की क्रमाने आपापला नंबर बोलायचा, आठ झाले की यल्ला, म्हणजे चला. मला वाटलं, थेम्बाला राग येईल. उलट तो खूश झाला. त्याला पंधरा वर्षांत कोणी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो स्टिअरिंगवर थाप मारून शुद्ध मराठीत "आठ" म्हणायला लागला.

चाची मात्र वैतागल्या. पेंग्विनच्या किनाऱ्यावर चाचांनी रुमाल धरला, वाऱ्यावर पेंग्विनांचा उग्र वास आला, आणि चाचा गंभीरपणे म्हणाले, "गॅस नाही." चाची म्हणाल्या, "नाक आहे मला." हर्मानसला आम्ही कड्यावर उभे होतो, खाली पाण्यात देवमासा पाठ वर काढत होता, आणि मागून चाचा, "कठड्यापासून दोन पावलं मागे. सुहेलची अम्मी, तू पण." चाची मागे सरल्या तेवढ्यात मासा बुडाला. पुन्हा काही वर आला नाही. त्या संध्याकाळी गाडीत बसताना चाचांनी "एक" म्हटलं आणि पुढे शांतता. "दोन," चाचा हळूच म्हणाले, "सुहेलची अम्मी, दोन." चाची खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी काय बकरी आहे, रोज मोजायला?" भांडण नको म्हणून तन्वीने पटकन "टू" म्हणून टाकलं, आणि आपली पाळी आल्यावर "फाइव्ह". मग तीच रीत पडली. दोनचा नंबर तन्वी बोलायची, चाची गप्प, चाचा आरशात न बघता मान हलवायचे, गाडी सुटायची. मला वाईट वाटत होतं. हे दोघं जवळ यावेत म्हणून आम्ही ट्रिप काढली आणि एक पुढच्या सीटवर, एक सगळ्यात मागच्या.

सातव्या दिवशी आम्ही स्टॉर्म्स रिव्हरला गेलो. तिथे काळ्या खडकांमधून नदी समुद्रात येते आणि तिच्यावर झुलते पूल आहेत. चाचांनी पार्किंगच्या टोकाचं एक लाकडी बाक दाखवून जाहीर केलं, "असेंब्ली पॉइंट." पूल बघून आलो, जेवलो, आणि पाऊस सुरू झाला. सगळे धावतपळत गाडीत घुसले; चाचा ओरडत होते, "धावायचं नाही." मागच्या सीटवर गुडघे दुखतात म्हणून चाची पाय लांब करून ब्लँकेट घेऊन पडायच्या, ते ब्लँकेट तसंच होतं. चाचा म्हणाले, "एक." तन्वी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "टू." तीन, चार, फाइव्ह, सहा, सात, आठ. यल्ला.

पंधरा मिनिटांनी, हायवेला लागल्यावर, चाचांच्या फोनमध्ये गजर वाजला. दोन वाजता चाचींची बीपीची गोळी असते. रुवैसहूनही रोज दोन वाजता ते फोन करून "गोळी" एवढंच म्हणायचे आणि ठेवायचे. त्यांनी गोळी हातात घेऊन मागे वळून हाक मारली. उत्तर नाही. मी ब्लँकेट उचललं. खाली चाचींची पिशवी होती, त्यात त्यांचा फोन.

थेम्बाने लगेच गाडी वळवली. तन्वी रडत होती, "आय जस्ट सेड इट, मम्मा. आय डिडन्ट लुक." मीही पाहिलं नव्हतं, कोणीच पाहिलं नव्हतं. आठ आकडे बरोबर आले होते आणि माणूस मागे राहिलं होतं. चाचा समोर बघत बसले होते, गोळी मुठीत. पार्किंगमध्ये गाडी पूर्ण थांबायच्या आत ते दार उघडून उतरले आणि पावसात धावत सुटले. साठीचा माणूस, पाठीवरच्या पट्ट्या वरखाली होत होत्या. मी मागून पळाले.

चाची बाकावर बसल्या होत्या. डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली, कोटाला पाणी निथळत होतं. जेवणानंतर हॉटेलच्या मागच्या खोलीत नमाज पढून बाहेर आल्या तर गाडी नाही, एवढंच झालं होतं. आम्हाला बघून म्हणाल्या, "आलात?"

चाचांना धाप लागली होती. म्हणाले, "समोर हॉटेल आहे. आत जायचं होतंस. कोणाला विचारायचंस. पावसात बसलीस?"

"तुम्हीच सांगितलंत ना रोज सकाळी," चाची म्हणाल्या, "चुकलं तर इथे येऊन बसायचं, फिरायचं नाही. बसले." मग ओढणीचं टोक पिळत म्हणाल्या, "थांबायची सवय आहे मला. तेहतीस वर्षं दुसरं काय केलं?"

त्यात तक्रार नव्हती. भाजीत मीठ घातलंय असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. चाचा त्यांच्या शेजारी बसले. खिशातून रुमाल काढला, पण वारा कुठून येतोय ते काही पाहिलं नाही. तो चाचींच्या हातात देत म्हणाले, "मी आकडे ऐकले. तुझा आवाज नव्हता, ते मला कळायला पाहिजे होतं." चाची म्हणाल्या, "गोळी आणलीत का?" त्यांनी मूठ उघडली. गोळी भिजून अर्धी विरघळली होती. चाचींनी ती तशीच घेतली आणि पाण्याशिवाय गिळली. मी तिथून मागे फिरले, मला तिथे काही काम नव्हतं.

दुसऱ्या सकाळी नाश्त्यानंतर गाडीच्या दाराशी चाची उभ्या होत्या, चाचांची शिट्टी गळ्यात घालून. "आजपासून मी मोजणार," त्या म्हणाल्या. "आणि मी एक. तुम्ही दोन." नंबर बदलले तर घोटाळा होतो, असं चाचा म्हणायला गेले आणि मग गाडीत चढले. मग उरलेले दोन दिवस चाची प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत मोजायच्या, आणि दोनच्या वेळी जरा जास्तच निरखायच्या. चाचांची जागाही बदलली. ते मागच्या सीटवर गेले आणि पुढे दातांच्या डॉक्टरांना बसवलं, त्यांना गाडी लागायची.

सप्टेंबरात चाचा गावी गेले. एअरपोर्टवर त्यांनी आम्हाला सगळ्यांना बाहेरच्या दारांची दिशा दाखवली आणि आत गेले. रुवैसला त्यांच्या जागी नवा माणूस आलाय, चांगला आहे म्हणतात. आमच्या गॅसच्या नळीची तारीख आता मीच बघते.

परवा चाचींना फोन केला होता. गावात पाऊस कसा आहे, सुपारीला भाव काय, सुहेलच्या मुलीला दात आले, असं चाललं होतं. मध्येच म्हणाल्या, "थांब हं जरा," आणि फोन बाजूला धरून मोठ्याने म्हणाल्या, "एक." मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग लांबून, बहुतेक विहिरीच्या पलीकडून, चाचांचा आवाज आला, "दोन." "हां, बोल," चाची म्हणाल्या. "हे वाडीत गेले की तासातासाला विचारावं लागतं गं. नाहीतर रागावतात, मोजत नाहीस म्हणून."

मी हसले आणि बराच वेळ हसत राहिले. फोन ठेवला. घरात एसीचा आवाज तेवढा चालू होता, तन्वी तिच्या खोलीत अभ्यासाला बसली होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी ओट्याशी उभी राहून म्हणाले, "चार." आतून थोड्या वेळाने, न विचारता, "फाइव्ह" आलं.

मंगळवार होता. तीन नंबर शुक्रवारी घरी येणार होता.