लाल पिंपात लोखंड

आमच्या घरी एक कायदा होता. लाल रंगाच्या पिंपाजवळ लोखंड न्यायचं नाही. खिळा जरी पडला तरी लाल मरतो, काळपट होतो. काळ्या रंगासाठी लोखंडाचा कीस आणि गूळ वेगळ्या माठात, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला आंबत असे. मी कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याची मुलगी. चौथीत शाळा सुटली ती पिंपं ढवळायलाच.

पुढं गिरणीच्या कापडापुढं आमची पिंपं उपडी पडली आणि मी वऱ्हाडातून नाशकात आले, बायकांच्या दवाखान्यात आया म्हणून. नव्या बाईचं रक्त तपासल्याशिवाय तिथं कायम करत नसत.

डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचली, थेंब टिपकागदावर घेतला आणि एक चिमुकली चोपडी उघडली. तिच्यात फिक्या गुलाबीपासून गडद लालपर्यंत दहा चौकोन, खाली दहापासून शंभरापर्यंत आकडे. थेंबाची ओली चकाकी जाईपर्यंत त्या थांबल्या, मग तो एकेका चौकोनाशी लावून पाहू लागल्या. माझे वडीलही ओल्या कापडाचा रंग कधी खरा मानत नसत. इथं कापडाच्या जागी मी होते!

"पन्नास. रक्तात रंग फार कमी आहे तुझ्या," बाई म्हणाल्या. "एवढ्यावरून रोग कळत नाही, काहीतरी बिनसलंय इतकंच कळतं. जिना चढताना धाप लागते?"

"लागते बाई. सगळ्यांनाच लागते ना?"

त्यांनी चोपडी मिटली. मग खाणंपिणं, पाळी, सगळं विचारलं, आणखी तपासलं, तेव्हा पोटात जंत निघाले. वर्षानुवर्षं नदीच्या ओल्या काठावर अनवाणी कापड धुतलं, त्याची ती देणगी. जंतांवर औषध झालं आणि मग एक बाटली हातात आली.

"ह्यात लोखंड आहे. त्याच्यावाचून रक्ताला लाली नाही, आणि लालीवाचून श्वास अंगभर पोचत नाही. महिन्यानं बघू. सत्तरपर्यंत आलीस तर कायम. नाहीतर गावी जा. तापाच्या वॉर्डात उभी करून तुझा जीव नाही घेणार मी."

गावी माझ्यासाठी काम उरलं नव्हतं. तरी बाटलीवर विश्वास बसेना. चौथ्या दिवशी परसाकडं काळं झालं. मेला आपला लाल! त्या दिवसापासून रोजचा डोस मोरीत.

महिन्यानं चौकोन तोच. पन्नास.

"औषध घेतलंस?" बाईंनी विचारलं.

सायखेड्याची थोरली आया, आम्ही तिला मावशी म्हणायचो, दारातून म्हणाली, "बाई, मोरीची फरशी बघा की, कशी तांबूस झालीया. मोरीचं रगत लय वाढलं आसंल!"

रडत रडत मी सगळं सांगितलं. पिंप, खिळा, काळं. आता हाकलतील असं वाटलं. बाई मात्र नवलानं ऐकत होत्या.

"पिंपापुरतं तुझ्या वडिलांचंच खरं," त्या म्हणाल्या. "अंगातली भट्टी निराळी. काळं पडलं ते अंगी न लागलेलं लोखंड. लागलेलं दिसत नाही, ते आत कामाला लागतं. आणखी दोन महिने देते तुला."

मग मी मावशीसमोर उभी राहून पीत असे. "गिळ, वऱ्हाडीण, तोंड उघडून दाव," असा तिचा पहारा. एके सकाळी पाण्याची घागर घेऊन जिना चढले आणि वर पोचल्यावर थबकले. धाप कुठं गेली? भरल्या घागरीसह मी तिथंच उभी होते आणि श्वास आपला मुकाट येत-जात होता. ज्यानं लाल मरतो म्हणून मी जन्मभर भ्याले, तेच माझ्या आत लाल रंगवत बसलं होतं.

तिसऱ्या वेळी बाईंनी चोपडी माझ्याच हातात दिली. "तू रंगाऱ्याची. तूच लाव."

चकाकी जाईपर्यंत थांबले. सत्तर म्हणायचं ओठावर आलं होतं, पण डोळा ऐकेना.

"बाई, साठाच्या पुढं आहे. सत्तराला जरासा कमी पडतोय."

बाईंनी कागद खिडकीशी नेऊन निरखला. "मला तर सत्तरच दिसतंय," त्या म्हणाल्या. "दोन चौकोनांमधलं दिसणारं माणूस ह्या दवाखान्यात दुसरं नाही. राहा इथंच."

पुढं कुणाही बाईचा थेंब कागदावर पडला की चोपडी घेऊन मलाच हाक येई.