जावयाच्या गाडीचे टॅपेट

आमच्या ह्यांना स्वस्थ बसता येत नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले आणि हे स्टुलावर चढून पंख्याशी झटापट करतायत. पंखा कुरकुरतो म्हणे. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही वस्तू आवाज करायला धजत नाही. बिजागऱ्या, नळ, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना ह्यांचा धाक आहे. मला नाही, म्हणून मी अजून बोलते.

धंदा गॅरेजचा. गल्लीत ह्यांना कानमास्तर म्हणतात. जेवताना रस्त्यावरून एखादा टेम्पो गेला की घास हातातच राहतो. "दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय," म्हणतात. मी म्हणते, "वाजू दे त्याचा. तुमची भाजी गार होतेय."

ऐकून ऐकून मलाही सगळं पाठ झालंय. इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात, ते व्हॉल्व्ह. त्यांना दाबून उघडणारा भाग आणि व्हॉल्व्ह यांच्यात कागदाएवढी फट ठेवायची, ह्याला टॅपेट सेट करणं म्हणतात. फट जास्त झाली की टकटक ऐकू येते. अगदीच कमी ठेवली तर आवाज बंद, पण इंजिन तापलं की धातू फुगतो, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि आतली आग त्याची कड खाऊन टाकते. मग गाडी चढावर मान टाकते. म्हणून थोडी टकटक राहिलेली बरी, हे ह्यांचं ठाम मत. "आवाज अजिबात नको" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना ह्यांनी फाटकाबाहेर काढलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. एका वकिलाला तर तोंडावर विचारलं, "गाडी चालवायचीय की तिच्यात झोपायचंय?"

अशा माणसाकडे एका सकाळी आमचे जावई गाडी घेऊन आले.

जावई टॅक्सी चालवतात. सरळ माणूस, आवाज चढवून बोलणं त्यांना माहीत नाही. डोंगरावरच्या एका हॉटेलला पाहुण्यांसाठी कायमची गाडी हवी होती आणि तिथला मॅनेजर दुसऱ्या दिवशी स्वतः बसून बघणार होता. "गाडी टकटक करते, बाबा," जावई म्हणाले. "पहिल्या फटक्यातच नाक मुरडेल तो. तेवढा आवाज घालवून द्या ना."

मी डबा घेऊन गेले होते, तिथेच उभी होते. ह्यांनी इंजिनावरचं कव्हर उघडून तपासलं. सगळं मापात होतं. गाडीच जुनी, म्हणून वाजत होती. दुसरा कुणी असता तर ह्यांनी तेवढंच सांगून वाटेला लावला असता. पण "बघतो, जावईबापू," म्हणाले, आणि पात्यांच्या जुडग्यातली एक पातळ पाती निवडली. ह्या पात्या फटीत सरकवूनच माप घेतात. पातळ पाती घेतली म्हणजे फट कमी होणार, हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. माझ्याकडे बघेनात.

आवाज गेला. जावई खूश झाले. "चार-आठ दिवसांत एकदा दाखवायला आणा," एवढंच हे म्हणाले. का आणायची, ते काही तोंडातून निघालं नाही.

मॅनेजरला गाडी पसंत पडली आणि काम लगेच सुरू झालं. हॉटेलच्या मागे राहायला खोलीही मिळाली. आमची लेक सामान घेऊन वर गेली. तिचे दिवस भरत आलेले. दवाखाना खाली, आमच्या गावात, आणि वेळ आली की ती उतरणार त्याच गाडीतून.

इथून ह्यांचं जे सुरू झालं ते काही विचारू नका. दिवसातून कितीदा तरी फोन. "काय म्हणते गाडी?"

"कमाल केलीत बाबा. मॅनेजर विचारतो, चालू आहे की बंद आहे."

दुसऱ्या कुणाची छाती फुगली असती. ह्यांचा चेहरा उतरला. "एकदा खाली आणता का?"

"वेळच नाही हो. रोज पाहुणे, रोज चढ-उतार."

फोन ठेवला की घरभर फेऱ्या. ह्यांनी गॅसचं बटण इतकं आवळलं की मला दूध तापवायला पक्कड घ्यावी लागली. गॅरेजात एका गाडीचे चाकाचे नट लावायचे राहिले, ते गिऱ्हाइकानेच दाखवून दिलं.

"सांगून टाका ना एकदाचं," मी म्हटलं.

"काय सांगू? मुद्दाम चुकीचं काम करून दिलं म्हणून?"

"हो. तेच."

"जावयाला?" म्हणाले, आणि शांत असलेल्या पंख्याखाली स्टूल ओढलं.

मग एकदा दुपारी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलताना सहज म्हणाली, "आई, गाडीला आताशा चढावर दम लागतो गं." मी ते मोठ्याने पुन्हा म्हटलं. ह्यांनी ताट सरकवलं, हत्यारांची पिशवी उचलली आणि स्कूटरला किक मारली. मी मागे बसले. सगळ्या चढभर मी ह्यांच्या पाठीशी बोलत होते आणि पाठ उत्तर देत नव्हती.

जावई नुकतेच पाहुण्यांना सोडून आले होते. आम्हाला बघून धावत आले. "कळवलं असतं तर न्यायला आलो असतो."

"सहज आलो," हे म्हणाले. "ह्या बाजूला काम होतं."

डोंगरावर काम, आणि खांद्याला पान्यांची पिशवी. मी असं बघितलं की लेकीने मला आत नेलं.

पण पंचाईत पुढेच होती. गाडी तापलेली. इंजिन गार झाल्याशिवाय माप घेता येत नाही, म्हणजे थांबणं आलं. जावयांनी खुर्ची आणून दिली. हे बसले, उठले, बॉनेटला हात लावला, पुन्हा बसले. गाडीला फेरी मारली, परत हात लावला. लेक चहा घेऊन बाहेर आली, मागोमाग मी; तो इंजिनाच्या आधी गार झाला. जावई बिचारे पाहुण्यांच्या गमती सांगत होते आणि हे नको तिथे मान हलवत होते. शेवटी लेक पायरीवर बसायला गेली. एक हात भिंतीला, एक हात पोटाखाली, असं जपून जपून खाली टेकली. ह्यांनी ते बघितलं आणि बोलून गेले.

"जावईबापू, तुमच्या गाडीत मी घाण करून ठेवलीय. चुकून नाही, जाणूनबुजून. आवाज घालवायला फट कमी केली. व्हॉल्व्ह जळत असणार."

इंजिन गार झाल्यावर जावयांनी स्वतः कव्हर उतरवायला मदत केली आणि दिवा धरला. ह्यांनी योग्य ती पाती घेतली, एकेक फट मापात आणली, नट आवळून पाती पुन्हा फिरवून बघितली. गाडी सुरू केली. टकटक आली. मग ह्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला. व्हॉल्व्ह जळला असेल तर कागद मधूनच आत ओढला जातो. आम्ही सगळे त्या कपट्याकडे बघत होतो. तो बाहेरच्या बाहेर फडफडत राहिला.

"वाचला," हे म्हणाले आणि मडगार्डला टेकले. "मॅनेजर बोलेल तुम्हाला."

"मॅनेजरचं मी बघतो." जावयांनी गाडी बंद केली. "बाबा, हेच दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर?"

"हाकलून दिला असता."

"मग मला का नाही हाकललंत?"

ह्यांनी हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "लेक दिलीय तुम्हाला," म्हणाले.

जावयांनी मान खाली घातली. लेक पायरीवरून ऐकत होती. ती रागावली नव्हती, नुसती विचारत होती, आणि म्हणूनच ते ऐकवेना.

"लेक दिली म्हणून ह्यांचं मन मोडवेना, बाबा. आणि त्या गाडीत बसवलंत मलाच?"

मला रडू कोसळलं. ते तिच्यासाठी होतं की ह्यांच्यासाठी, मला अजून सांगता येत नाही.